शब्दांची खतावणी

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे सर्वांच्या परिचयाची आहेत. एकाला बाजाराने ओळख दिली, दुसऱ्याला रेल्वेने. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला आणि त्या मार्गावरील चांदूर, धामणगाव या गावांच्या नावापुढे ‘रेल्वे’ हा शब्द कायमचा बसला. आज चांदूर रेल्वेतील निरक्षर वृद्धाही आपल्या गावाचे नाव सांगताना अडखळत नाही. आपण एका परदेशी भाषेतील शब्द उच्चारत आहोत, हे तिच्या मनातही येत नाही. हा शब्द तिला कोणी शिकवला नाही. तो रोज कानावर पडला, रोज तोंडी आला आणि घरचा झाला.

व्यापाऱ्याच्या गादीवर तर असे पाहुणे शब्द कितीतरी आहेत. जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा, माल, वजन, हिशेब, दलाल, दुकान हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. त्यानंतर कापसाच्या व्यापाराबरोबर जीन आणि प्रेस आले. पिढ्यान्‌पिढ्या चोपडी लिहिणाऱ्या घरांनी हे शब्द कोशात पाहून पाठ केले नाहीत. शब्दाची गरज होती, तो दिवसातून दहा वेळा वापरावा लागत होता आणि समोर त्याला उत्तर देणारा माणूस होता. या तीन गोष्टी जुळल्या की परका शब्द परका राहत नाही.

आज त्याच घरांतील मुलामुलींसमोर नव्या भाषा उभ्या आहेत. कोणाला शिक्षणासाठी जर्मनीला जायचे आहे, कोणाला जपानमध्ये नोकरीची संधी दिसते, कोणाला परदेशी ग्राहकाशी दोन वाक्ये त्याच्या भाषेत बोलावीशी वाटतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार झाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आणि त्यांना जर्मन भाषा शिकवण्याची जबाबदारी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे सोपवण्यात आली. करार झाला म्हणजे नोकरी पदरात पडली असे नव्हे. परंतु परिचारिका, वीजतंत्री, प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशा कामांसाठी परदेशाचे दार उघडायचे असेल तर त्याची पहिली किल्ली भाषा आहे, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

पुण्या-मुंबईत भाषेचे वर्ग गल्लोगल्ली मिळतात. लहान गावातील मुलाला त्यासाठी अमरावती वा नागपूर गाठावे लागते, आणि तेथेही हवा तो वर्ग हव्या त्या वेळी मिळेलच असे नाही. मग उरतो तो हातातला मोबाइल. भाषा शिकवणारे अनेक अ‍ॅप त्यावर विनामूल्य उतरवता येतात. प्रश्न एवढाच की, त्यातून खरोखर भाषा येते का, की केवळ वेळ जातो?

एका घराचे उदाहरण

असे समजावे की, चांदूर रेल्वेतील एका किराणा-भुसाराच्या दुकानदाराच्या नातीने परिचर्येचे शिक्षण पूर्ण केले आहे आणि जर्मनीला जाण्याचे तिने मनावर घेतले आहे. ती रोज रात्री अर्धा तास मोबाइलवर जर्मन शिकते. पडद्यावर चित्र दिसते, खाली चार शब्द येतात, योग्य शब्दावर बोट ठेवले की हिरवी खूण उमटते आणि गुण वाढतात. सलग शंभर दिवस खंड पडला नाही म्हणून मोबाइल तिचे अभिनंदन करतो. घरातील सर्वांना वाटते, मुलीची भाषा तयार झाली.

पुढे परीक्षेसाठी नाव नोंदवले जाते, शुल्क भरले जाते. तोंडी परीक्षेत परीक्षक साधा प्रश्न विचारतात : सकाळी किती वाजता उठता? मुलीला प्रश्न कळतो, पण उत्तराचा एकही शब्द ओठांवर येत नाही. चार पर्यायांतून ओळखता येणारा शब्द कोऱ्या जागेतून उभा करता येत नाही. पैसे गेले याहून मोठे नुकसान म्हणजे मुलीला वाटू लागते की, भाषा आपल्या नशिबात नाही.

अशा मुलीची बुद्धी कमी नसते आणि मेहनतही खोटी नसते. हिशेब मांडण्याची पद्धत मात्र चुकलेली असते. विकल्या गेलेल्या मालाची नोंद आहे, पण वसुलीची नाही. चोपडीत नफा दिसतो आणि गल्ला रिकामा असतो. शब्द ओळखणे आणि शब्द आठवणे यांतला हा फरक प्रत्येक पालकाने समजून घेण्यासारखा आहे.

स्मरणाची देणगी आणि स्मरणाचा अभ्यास

स्मरणशक्तीचा विषय निघाला की जैन समाजाला श्रीमद राजचंद्रांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन मोहनदास गांधी विलायतेहून परतले आणि मुंबईत डॉ. प्राणजीवन मेहता यांच्याकडे उतरले. तेथे त्यांची राजचंद्रांशी भेट झाली. राजचंद्र तेव्हा पंचविशीच्याही आत होते आणि जवाहिऱ्याच्या पेढीत भागीदार होते. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत हा प्रसंग सांगितला आहे. ज्या ज्या युरोपीय भाषा त्यांना येत होत्या, त्यांतील आपल्याजवळचे सारे शब्द त्यांनी म्हणून दाखवले आणि राजचंद्रांनी ते त्याच क्रमाने परत म्हटले. गांधीजींना त्या शक्तीचा हेवा वाटला. पण त्यांच्या मनावर कायमची छाप पडली ती राजचंद्रांच्या शास्त्रज्ञानाची, निर्मळ चारित्र्याची आणि आत्मदर्शनाच्या ओढीची. स्वतः राजचंद्रांनीही शतावधानाचे जाहीर प्रयोग पुढे सोडून दिले.

या प्रसंगातून दोन गोष्टी लक्षात येतात. अशी स्मरणशक्ती ही देणगी आहे, ती प्रत्येकाला मिळत नाही. आणि शब्द जसेच्या तसे परत म्हणता येणे म्हणजे ती भाषा येणे नव्हे. सामान्य माणसाला यांपैकी पहिली गोष्ट लाभलेली नसते आणि दुसरी हवी असते. त्याने काय करावे?

योगायोग असा की, याच सुमारास जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस हे अभ्यासक सामान्य माणसाच्या विस्मरणाचे मोजमाप करत होते. त्यांनी निरर्थक अक्षरांच्या लांबलचक याद्या स्वतःच पाठ केल्या, ठरावीक वेळाने त्या पुन्हा पाठ करून पाहिल्या आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले ते नोंदवले. १८८५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका तासानंतर निम्म्याहून कमी श्रम वाचत, एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश आणि महिन्यानंतर सुमारे एक पंचमांश. म्हणजे विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि नंतर मंदावतो. त्याचबरोबर त्यांना असेही आढळले की, सारी उजळणी एकाच बैठकीत करण्यापेक्षा ती काही दिवसांत विभागून केली तर कमी श्रमांत पाठांतर टिकते.

घरोघरी पाढे म्हणवून घेणाऱ्या जुन्या पिढीला हे वेगळ्या शब्दांत ठाऊक होते. पावकी, निमकी, दिडकी एका रात्रीत कोणी पाठ केली नाही. ती दररोज संध्याकाळी दिवेलागणीला थोडी थोडी म्हटली गेली, म्हणून मुनिमाच्या तोंडी साठाव्या वर्षीही तयार राहिली.

रोजकीर्द आणि खतावणी

१९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर या लेखकाने जर्मन भाषेत शिकण्याच्या पद्धतीवर एक पुस्तक लिहिले आणि त्यात एक साधा खोका सुचवला. खोक्याला पाच खण असतात. चिठ्ठीच्या एका बाजूस परका शब्द, दुसऱ्या बाजूस आपल्या भाषेतील अर्थ. सर्व नव्या चिठ्ठ्या पहिल्या खणात. उत्तर आठवले तर चिठ्ठी पुढच्या खणात जाते, चुकले तर थेट पहिल्या खणात परतते. पहिला खण रोज पाहायचा, दुसरा काही दिवसांनी, तिसरा त्याहून उशिरा. चांगला येणारा शब्द क्वचित समोर येतो, अडणारा शब्द रोज.

व्यापाऱ्याला ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने लिहिले जातात. खतावणीत प्रत्येकाचे खाते वेगळे होते आणि कोणाकडे किती थकले आहे ते दिसते. वेळेवर पैसे देणाऱ्याच्या दारी कोणी रोज जात नाही. थकबाकीदाराकडे मात्र तगादा लावावा लागतो. वहीत एकाखाली एक शब्द लिहीत जाणे ही रोजकीर्द झाली. लाइटनरचा खोका ही शब्दांची खतावणी आहे.

मोबाइलचे खरे सामर्थ्य येथे आहे. हजार चिठ्ठ्यांचे हिशेब माणसाला ठेवता येत नाहीत, यंत्राला येतात. २००६ मध्ये सुरू झालेले ‘आंकी’ हे अ‍ॅप हेच काम करते. जपानी भाषेत ‘आंकी’ या शब्दाचा अर्थच पाठांतर असा आहे. संगणकावर आणि अँड्रॉइड मोबाइलवर ते विनामूल्य मिळते आणि इंटरनेट बंद असतानाही चालते. आपल्या चिठ्ठ्या त्यात आपणच तयार कराव्यात, एका बाजूस मराठी अर्थ देवनागरीत लिहावा. शब्द समोर आला की आधी मनाशी उत्तर द्यायचे, मग चिठ्ठी उलटायची आणि उत्तर सहज आले, कष्टाने आले की आलेच नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायचे. त्यावरून तो शब्द पुन्हा कधी समोर आणायचा ते यंत्र ठरवते. येथे खोटी नोंद केली तर फसवणूक स्वतःचीच होते.

वाचणे वेगळे, आठवणे वेगळे

आधी आठवायचे आणि मग पाहायचे, हा क्रम का महत्त्वाचा आहे, हे २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतील चाळीस शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. शब्द एकदा आठवल्यावर काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, पण आठवून पाहिला नाही. काहींनी तो पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा आठवून पाहणाऱ्यांना सुमारे ऐंशी टक्के शब्द आले, केवळ वाचणाऱ्यांना सुमारे पस्तीस टक्के. विशेष म्हणजे आठवड्यानंतर आपल्याला किती शब्द येतील याचा अंदाज आधी विचारला असता सर्व गटांचे उत्तर जवळजवळ सारखेच, निम्म्याच्या आसपास होते. वाचणाऱ्याला आपण कच्चे आहोत हे कळतसुद्धा नाही.

उदाहरणातील नातीचेही हेच झाले होते. चार पर्यायांतून निवडण्याचा खेळ वाईट नाही. पहिल्या ओळखीसाठी तो उपयोगी पडतो. परंतु पर्याय झाकून उत्तर देण्याची सवय लागली नाही, तर गुण वाढत राहतात आणि जीभ तेथेच राहते.

मोबाइलचा दुसरा लाभ वेळेच्या विभागणीचा. जपानमधील एका विद्यापीठात पॅट्रिशिया थॉर्नटन आणि ख्रिस हाउझर यांनी इंग्रजी शब्दांचे छोटे पाठ विद्यार्थिनींच्या मोबाइलवर ठरावीक वेळी पाठवून पाहिले. हेच पाठ संकेतस्थळावर वा कागदावर मिळालेल्या विद्यार्थिनींपेक्षा मोबाइलवाल्यांची प्रगती अधिक झाली, असे त्यांनी २००५ मध्ये नोंदवले. पाठ वेगळा नव्हता. तो दिवसभरात स्वतःहून विद्यार्थिनीच्या हाती येत होता. दुकानात बसणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असते तेव्हाची दहा मिनिटे, बदनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहतानाची दहा मिनिटे, हीच शब्दांची वेळ.

गाडीवाटची मुले

हे सारे परदेशातील प्रयोग झाले. आपल्याकडे खेड्यात असे घडते का, असे कोणी विचारील. छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर गाडीवाट नावाचे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले की, कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल? मुलांना यंत्रमानवाच्या तंत्राचे आकर्षण होते, म्हणून बहुतेकांनी जपानी निवडली. शाळेकडे ना पुस्तक होते ना शिक्षक. इंटरनेटवरील चित्रफिती आणि भाषांतराची अ‍ॅप यांच्या आधाराने शिक्षकांनी सुरुवात केली. बातमी ऐकून शहरातील एक भाषातज्ज्ञ पुढे आले आणि जुलै २०२० पासून, टाळेबंदीच्या काळात, आठवड्याच्या अखेरीस ते मोबाइलवरून विनामूल्य शिकवू लागले. ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता, त्यांना वर्गात शिकलेली मुले ‘विषयमित्र’ होऊन गावातच शिकवत.

या उदाहरणात मोबाइल महत्त्वाचा होता, पण एकटा नव्हता. पलीकडे शिकवणारा माणूस होता आणि अलीकडे ऐकणारा मित्र होता. जे मूल दुसऱ्याला शब्द शिकवते, त्याचा स्वतःचा शब्द पक्का होतो, हे वेगळे सांगायला नको.

पाच पायऱ्या

जैन परंपरेने हा मार्ग फार पूर्वी आखून ठेवला आहे. शास्त्र लिपिबद्ध होण्यापूर्वी ते दीर्घकाळ मुखोद्गत राहिले आणि गुरूकडून शिष्याकडे वाणीनेच गेले. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. स्वाध्याय हे तप आहे. पोटापाण्यासाठी शिकायच्या भाषेची त्याच्याशी बरोबरी करता येणार नाही. परंतु विद्या अंगी कशी मुरते याचे जे ज्ञान त्या पाच शब्दांत आहे, ते लौकिक विद्येलाही मार्ग दाखवणारे आहे.

वाचना म्हणजे शुद्ध पाठ घेणे : शब्द प्रथम त्या भाषिकाच्या उच्चारात ऐकावा. पृच्छना म्हणजे विचारणे : अर्थाबद्दल शंका उरू देऊ नये. अनुप्रेक्षा म्हणजे मनन : शब्द कशापासून बनला, कोठे वापरतात, याचा विचार करावा. आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चारासह पुनःपुन्हा आवर्तन. आणि धर्मोपदेश म्हणजे जे मुरले ते दुसऱ्याला सांगणे. मोबाइल वाचनेला मदत करतो आणि आम्नायाचा हिशेब ठेवतो. विचारणे, मनन करणे आणि सांगणे माणसालाच करावे लागते.

मननाला मराठी माणसाजवळ पुरेसे भांडवल आहे. जर्मनमध्ये रेल्वे स्थानकाला ‘बानहोफ’ म्हणतात; ‘बान’ म्हणजे मार्ग, रेल्वे आणि ‘होफ’ म्हणजे आवार. रुग्णालयाला ‘क्रांकेनहाउस’, म्हणजे आजाऱ्यांचे घर. हे सरळ सामासिक शब्द आहेत आणि समास सोडवण्याची सवय मराठी शाळेत लागलेली असते. जर्मन संख्यांना तर इंग्रजी माध्यमातील मुले बिचकतात, कारण एकवीससाठी तेथे ‘एक आणि वीस’ अशा क्रमाने बोलतात. मराठीत एकवीस, बावीस म्हणताना एकक आधीच येतो. गल्ल्यावर बसलेल्या मुलाला त्यात नवे काही नाही. जर्मनमध्ये लिंगेही मराठीसारखी तीन. मात्र ती जुळतीलच असे नाही : चंद्र तेथेही पुल्लिंगी, पण सूर्य स्त्रीलिंगी आणि ‘मुलगी’ या अर्थाचा ‘मेडशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी. म्हणून नामाची चिठ्ठी करताना लिंग दाखवणारा ‘देर’, ‘दी’ वा ‘दास’ हा शब्द बरोबर लिहावाच. तो वगळून पाठ केलेले नाम म्हणजे पत्त्याशिवायचे पार्सल.

जपानी शिकणाऱ्यालाही असेच बळ आहे. जपानी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येते आणि आपल्या विभक्तिप्रत्ययांप्रमाणे लहान अव्यये शब्दाच्या मागे लागतात. ‘नामाए’ म्हणजे नाव, हा शब्द तर एकदा ऐकला की विसरत नाही.

घरातील नियम

गोएथे संस्थेने, जी आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन म्हणून ओळखली जाते, जर्मन परीक्षांसाठी शब्दसूची प्रसिद्ध केल्या आहेत. पहिल्या ए-१ पातळीसाठी सुमारे साडेसहाशे शब्द, ए-२ साठी सुमारे तेराशे आणि बी-१ साठी सुमारे चोवीसशे. आकडा मोठा वाटला तरी त्याचे हप्ते पाडता येतात. चातुर्मासात अनेक घरांत लहानसा नियम घेण्याची पद्धत आहे. त्या चार महिन्यांत रोज पाच शब्दांचा नियम पाळला तर सहाशे शब्द होतात, म्हणजे पहिली पातळी हाताशी येते. रोज दहा घेतले तर बी-१ ची सूची आठ महिन्यांत संपते. मात्र नवे शब्द घेणे म्हणजे नवी उधारी देणे. उजळणीची वसुली पेलेल एवढीच ती द्यावी. रोज दहा नवे शब्द घेणाऱ्यासमोर काही आठवड्यांतच दररोज साधारण सत्तर-ऐंशी चिठ्ठ्या उजळणीला येतात. पंधरा मिनिटांचे ते काम आहे, पण एक आठवडा चुकला तर डोंगर होतो. सोयाबीन आणि कापसाच्या हंगामात दुकानात उसंत नसते. त्या दिवसांत नवा शब्द एकही घेऊ नये, केवळ उजळणी चालू ठेवावी.

शब्द एकटा शिकू नये, लहान वाक्यात शिकावा. तो मोठ्याने म्हणावा, स्वतःचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मूळ उच्चाराशी ताडून पाहावा. भाषांतराचे अ‍ॅप शंका निरसनासाठी वापरावे; त्याने केलेले वाक्य उतरवून काढणे म्हणजे दुसऱ्याच्या चोपडीतून हिशेब नकलणे. अभ्यासाच्या पंधरा मिनिटांत इंटरनेट बंद ठेवावे, कारण ज्या पडद्यावर शब्द आहेत त्याच पडद्यावर करमणूकही एका बोटाच्या अंतरावर आहे. लहान मुलांच्या हाती मोबाइल देण्याऐवजी त्यांच्यासाठी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या आणि मिठाईचा रिकामा खोका पुरेसा आहे. लाइटनरचे काम तो तितकेच चोख करतो. आणि महिन्यातून काही वेळा तरी ती भाषा जाणणाऱ्या माणसाशी बोलावे, मग ते फोनवरून का असेना. शब्द पाठ झाले म्हणून शिक्षकाची गरज संपत नाही. उलट शिक्षकासमोर रिकाम्या हातांनी जावे लागत नाही, हाच त्यांचा लाभ.

आता त्या नातीच्या घरी पुन्हा यावे. परीक्षा पुन्हा द्यायची असेल तर तिला महागड्या वर्गाआधी एका ऐकणाऱ्या माणसाची गरज आहे, आणि तो माणूस घरातच आहे. चिठ्ठीची मराठी बाजू वाचायला जर्मन यावे लागत नाही.

“आजी, तू फक्त मराठी शब्द वाच. मी बोलले की चिठ्ठी उलटून मोबाइलचा आवाज ऐक. सारखे वाटले नाही तर मला थांबव.”

“मला काय कळणार त्यातलं?”

“चुकलेलं तुला बरोबर कळेल. लहानपणी पाढे चुकले की तूच पकडायचीस.”

रात्री दुकान बंद झाल्यावर, जेवणे केव्हाच आटोपलेली असताना, ओसरीवर पंधरा मिनिटे हा परिपाठ चालावा. आजी ‘रुग्णालय’ म्हणेल, नात ‘दास क्रांकेनहाउस’ म्हणेल. पुढे ‘औषध’, ‘वेदना’, ‘कोठे दुखते?’ असे शब्द येतील, जे परक्या देशात एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी उभे राहून तिला खरोखर उच्चारायचे आहेत. काही महिन्यांनी आजीच्याही तोंडी त्यांतले पाच-दहा शब्द रुळतील आणि नात दूर गेल्यावर फोनवर तिला हसवण्यासाठी तेच कामी येतील.

चांदूरला ‘रेल्वे’ हा शब्द असाच रुळला होता.